शाळेनंतरची टकळी : नैसर्गिक तंतूंच्या हस्तकला-शिक्षणाचा आढावा

कापूस, लोकर, रेशीम, ताग, अंबाडी, घायपात, काथ्या, केळीच्या खोडाचा धागा आणि शिंदी-केवड्याची पाने हे हस्तकलेत वापरले जाणारे परिचित नैसर्गिक तंतू आहेत. कताई, हातमागावरची विणाई, दोर वळणे, चटया आणि टोपल्या विणणे, लोकर थापून बुरणूस करणे, सुयांवरचे विणकाम, क्रोशा, भरतकाम आणि वनस्पतींपासून केलेली रंगाई या कला त्यांच्यावर उभ्या आहेत. भारतात शाळेच्या वेळेनंतर मुले या कला मुख्यतः तीन ठिकाणी शिकतात : शाळेच्याच आवारात भरणारे छंदवर्ग, बालभवनासारख्या संस्था आणि कारागिरांची घरे. पहिल्या दोन ठिकाणी होते ते शिक्षण, याबद्दल कोणाला शंका नसते. तिसऱ्या ठिकाणी होते ते शिक्षण की काम, हा प्रश्न मात्र जुना आहे आणि या क्षेत्रातील बहुतेक मतभेदांचे मूळ त्यातच सापडते.

पार्श्वभूमी

मुलांच्या हाती धागा देण्यामागे शैक्षणिक विचार आहे, ही मांडणी एकोणिसाव्या शतकात युरोपात झाली. फ्रोबेलच्या बालोद्यानात कागदी पट्ट्यांची विणाई आणि शिवण होती. उनो सिग्नेउस यांच्या प्रयत्नांमुळे फिनलंडने १८६६ च्या कायद्याने हस्तकलेला प्राथमिक शिक्षणात स्थान दिले. स्वीडनमधील नेस येथे ओटो सालोमोन यांनी ‘स्लॉइड’ ही हस्तकला-पद्धती शिक्षकांना शिकवली. तिचा भर लाकूडकामावर असला, तरी तिची तीन तत्त्वे पुढे सर्व हस्तकलांना लागू झाली : केलेली वस्तू वापरता यावी, क्रम सोप्याकडून अवघडाकडे जावा आणि उद्देश कारागीर तयार करण्याचा नसावा. १९१९ मध्ये स्टुटगार्टला सुरू झालेल्या पहिल्या वॉल्डॉर्फ शाळेने सुयांवरचे विणकाम मुलग्यांनाही शिकवायला घेतले. शिवण-टिपण ही मुलींची बाब मानली जाण्याच्या त्या काळात हे धाडसाचेच होते.

भारतात रवींद्रनाथ ठाकुरांनी १९२२ मध्ये श्रीनिकेतन आणि १९२४ मध्ये शिक्षासत्र सुरू केले. दोन्हीकडे हस्तव्यवसायांना मानाचे स्थान होते. मात्र सर्वांनी चरखा चालवावा हा आग्रह त्यांना मान्य नव्हता. एकच क्रिया यांत्रिकपणे करत राहिल्याने मन मंदावते, असा आक्षेप त्यांनी १९२५ मध्ये जाहीरपणे घेतला. हा आक्षेप पुढे कताईच्या प्रत्येक वर्गाच्या मागे लागला आणि तो अजून सुटलेला नाही.

या विषयातील सर्वांत मोठा प्रयोग वर्ध्यात आकाराला आला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी तेथे भरलेल्या परिषदेत गांधीजींनी मांडलेल्या कल्पनेवरून डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अभ्यासक्रम तयार केला. साडेपाच तासांच्या शाळेतील तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगाला, म्हणजे शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवलेल्या हस्तव्यवसायाला, देण्यात आली. कताई-विणाई हा त्यांतला सर्वांत तपशीलवार आखलेला उद्योग होता. सूत कातणे हा वेगळा विषय नसून भाषा, गणित आणि समाजशास्त्र त्यातूनच शिकवायचे, ही ‘नई तालीम’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या योजनेची मूळ कल्पना. ती हवेतली नव्हती. सुताचा अंक काढण्यासाठी मुलाला लांबी आणि वजन यांचे गुणोत्तर समजावे लागते : ८४० यार्डांच्या वीस गुंड्यांचे वजन एक पौंड भरले, तर ते सूत वीस अंकी. स्वतः कातलेल्या सुताचा अंक दहा निघतो की सोळा, हे मुलाला तराजूवर पाहता येते, आणि त्यासाठी त्रैराशिक करावेच लागते.

शिक्षणाचा खर्च मुलांच्या उत्पादनातून निघावा, या मुद्द्यावर मात्र परिषदेतच खटके उडाले. अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी विरोध केला. शाळांचा माल बाजारात आला, तर तो प्रौढ कारागिरांच्या पोटावर पाय देईल, ही त्यांची भीती होती. समितीच्या अहवालानेही उत्पन्नाच्या नादात शिक्षणाचा हेतू मागे पडण्याचा धोका नोंदवला.

स्वातंत्र्यानंतर मूलोद्योगी शाळांची संख्या कागदावर वाढली, पण त्यांचा प्राण गेला. प्रशिक्षित शिक्षक कमी, पेळू वेळेवर न येणे, मोडलेल्या चात्या तशाच पडून राहणे ही कारणे होतीच. त्यांहून मोठे कारण पालकांचे मत हे होते. शहरातल्या मुलांना पुस्तके आणि गावच्या मुलांना टकळ्या, अशी वाटणी त्यांना दिसत होती, आणि तसे दिसणे चुकीचे नव्हते. १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाने मूलोद्योगाऐवजी कार्यानुभव सुचवला. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याला समाजोपयोगी उत्पादक कार्याचे रूप दिले. महाराष्ट्रात अन्न, वस्त्र आणि निवारा अशा गटांत विभागलेला कार्यानुभव हा विषय कित्येक पिढ्यांनी पाहिला. दिवसाच्या तीन तास वीस मिनिटांपासून आठवड्याच्या एक-दोन तासिकांपर्यंत ही घसरण आहे. त्या तासिकाही परीक्षा जवळ आली की गणिताला दिल्या जात. शाळेनंतरचा हस्तकलावर्ग मोठ्या प्रमाणावर या आक्रसण्यातूनच जन्मला : वेळापत्रकातून निसटलेली गोष्ट वेळापत्रकाबाहेर उभी राहिली.

दिल्लीचे राष्ट्रीय बालभवन १९५६ मध्ये सुरू झाले, आणि मुंबईसह इतर शहरांतही बालभवने निघाली. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ तयार होताना लैला तय्यबजी यांच्या अध्यक्षतेखाली वारसा-हस्तकलांवर स्वतंत्र गट नेमला गेला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना शाळा, स्थानिक कारागिरांकडे उमेदवारी, सुट्ट्यांतही अशा उमेदवारीची सोय, जिल्ह्याजिल्ह्यांत बालभवने आणि शाळेची वेळ संपल्यावर इमारतीचा समाजासाठी वापर अशा तरतुदी आहेत. ‘शाळेनंतर’ हा कालखंड त्यामुळे धोरणाच्या भाषेत आला आहे.

कशासाठी शिकवायचे

या प्रश्नावर तीन भूमिका दिसतात. पहिली शिक्षणवादी. तिच्या दृष्टीने धागा हे साधन आहे. मूल पुढे विणकर झाले नाही तरी चालेल, हाताने विचार करायला शिकले पाहिजे. सालोमोन आणि वॉल्डॉर्फ परंपरा इथे येतात. नई तालीमही मुळात इथलीच. सेवाग्राममध्ये २००५ पासून पुन्हा सुरू झालेल्या आनंद निकेतन शाळेत कताई आणि शेतीकाम शिकण्याचा भाग म्हणून होतात.

दुसरी भूमिका वारशाची. तिला काळजी कलेची आहे. घोंगडी विणणाऱ्या सनगर कुटुंबांतील पुढची पिढी मागावर बसत नाही, येवल्यातील पैठणीचे कौशल्य घराघरांत टिकेल याची शाश्वती नाही, तेव्हा मुलांपर्यंत या गोष्टी पोचवल्या नाहीत तर त्या संग्रहालयात जातील, असे ती मानते. पेरूमधील कुस्को येथे १९९६ मध्ये स्थापन झालेले पारंपरिक वस्त्रकला केंद्र हे तिचे जगभर सांगितले जाणारे उदाहरण आहे. तिथल्या अँडीज पर्वतातील गावांत मुलांचे विणकरगट जमतात आणि ‘हाकिमा’ नावाच्या अरुंद पट्ट्यापासून शिकायला सुरुवात करतात. शिकवणारी माणसे गावचीच, बहुधा वडीलधाऱ्या बायका, आणि शिकणारी मुलेही त्याच समाजाची.

तिसरी भूमिका उपजीविकेची आहे. ती कौशल्य-प्रमाणपत्रे आणि रोजगाराबद्दल बोलते. मात्र शाळकरी वयात आठवड्याला दीड-दोन तास दिल्याने कोणी मागावर पोट भरू शकत नाही. त्यामुळे तिचे दावे चौदा वर्षांखालील मुलांबाबत सर्वांत दुबळे ठरतात.

प्रत्यक्षात एकाच वर्गाकडून तिन्ही अपेक्षा केल्या जातात. पालक एकाग्रतेसाठी पाठवतात, देणगीदार वारशासाठी पैसे देतात आणि अहवालात ‘कौशल्यविकास’ लिहिले जाते. शिकवणाऱ्याची ओढाताण इथून सुरू होते.

जात, घर आणि श्रम

धाग्याच्या कामांना भारतात जात चिकटलेली आहे. दोर आणि केरसुण्या मातंगांनी करायच्या, बांबूची सुपे आणि टोपल्या बुरुडांनी विणायच्या, घोंगडी सनगरांची, लुगडी कोष्टी-साळ्यांची, असे महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. अशा समाजात ‘मुलांना पारंपरिक हस्तकला शिकवा’ हे वाक्य सर्वांना सारखे ऐकू येत नाही.

या प्रश्नाची कसोटी मद्रास राज्यात लागली. १९५३ मध्ये मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी ग्रामीण प्राथमिक शाळांचा वेळ तीन तासांवर आणला. शाळेनंतरच्या वेळात मुलांनी आईवडिलांचा व्यवसाय शिकावा, अशी ती योजना होती. शाळा आणि शिक्षक कमी, मुले जास्त, ही तिच्यामागची अडचण खरी होती. पण कुंभाराचे मूल चाकावर आणि विणकराचे मागावर जाणार, हे स्पष्ट होते. पेरियार आणि द्रविड पक्षांनी तिला ‘कुलशिक्षण’ ठरवून तीव्र विरोध केला. राजगोपालाचारी यांना पद सोडावे लागले आणि १९५४ मध्ये कामराज यांनी योजना रद्द केली. शाळेनंतर हस्तव्यवसाय शिकवण्याचा भारतातला बहुधा सर्वांत मोठा सरकारी प्रयत्न असा एका वर्षात संपला. नव्या योजनांच्या चर्चेत त्याची आठवण क्वचित काढली जाते, हे नवल आहे.

जातीच्या अंगाने दोन प्रकारचे युक्तिवाद होतात. डॉ. आंबेडकरांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात गांधीवादाच्या चरखा-केंद्रित अर्थविचारावर टीका केली. माणसाला फुरसत आणि संस्कृती यंत्रामुळे मिळते, हातकष्टात परत जाण्याने नाही, ही त्यांची भूमिका होती. त्या परंपरेतून पाहिले तर वंचित समाजाच्या मुलाने शाळा सुटल्यावर संगणक किंवा इंग्रजीऐवजी दोर का वळावा, या प्रश्नाला सहज उत्तर नाही. दुसरीकडे शिक्षणतज्ज्ञ कृष्ण कुमार यांनी दाखवले आहे की खालच्या मानलेल्या जातींचे उत्पादक ज्ञान शाळेच्या केंद्रस्थानी आणणे ही नई तालीमची सर्वांत उलथापालथ करणारी बाजू होती. कांचा इलय्या यांनी २००७ मधील आपल्या बालपुस्तकात कुंभार, विणकर आणि शेतकरी यांच्या श्रमामागचे विज्ञान सर्व मुलांपुढे ठेवले. या दोन मतांत वाटते तितके अंतर नाही. वाद शिकवण्याचा कमी आणि कोणाला शिकवायचे याचा जास्त आहे. मातंगाच्या मुलाला दोर शिकवणे आणि वकिलाच्या मुलाला दोर शिकवणे या सामाजिकदृष्ट्या वेगळ्या कृती आहेत. दोघे एकाच सतरंजीवर बसून एकमेकांचा दोर धरतात, तेव्हा ती तिसरीच कृती होते. शुल्क घेणारे शहरी वर्ग आणि गावातले घरगुती शिक्षण यांत ही मुले सहसा एकत्र येत नाहीत.

कायद्यानेही ही संदिग्धता पुढे नेली. १९८६ च्या बालकामगार कायद्याच्या अनुसूचीत गालिचा विणकाम होते. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यावर सरसकट बंदी घातली, पण घरच्या बिनधोक्याच्या व्यवसायात शाळेनंतर आणि सुट्टीत मदत करण्यास मुभा दिली. मुभेच्या बाजूचे म्हणतात की घरात कला अशीच शिकली जाते, ती गुन्हा ठरवली तर परंपरा तुटेल. विरोधक म्हणतात की कांड्या भरणारी मुलगी ‘मदत’ करते की मजुरी, हे बंद दाराआड कोण तपासणार. तास, मोबदला आणि नकार देण्याची मोकळीक या तीन कसोट्यांवर शिक्षण आणि श्रम वेगळे करता येतात, असे मधला मार्ग शोधणारे मानतात. २०१६ च्या दुरुस्तीत या कसोट्या स्पष्ट नाहीत.

तंतूंचे स्वतःचे वेळापत्रक

धोरणाच्या चर्चेत सर्वांत कमी येणारी आणि वर्गात सर्वांत आधी आडवी येणारी गोष्ट म्हणजे कच्चा माल. प्रत्येक तंतूला स्वतःचा वेळ लागतो. तो दीड तासाच्या वर्गात बसेलच असे नाही.

कापूस त्यातल्या त्यात सोयीचा. तयार पेळू आणि टकळी मिळाली, की पहिल्या दिवशी धागा तुटत का होईना निघतो. पीळ कमी पडला तर धागा सुटतो, जास्त झाला तर गाठळतो. हे सांगावे लागत नाही, बोटांना कळते. पण सरकी काढणे आणि पिंजणे वर्गाबाहेर राहते. लोकर थापायला कोमट पाणी, साबण आणि चोळणारे हात पुरतात. दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर सुयांवरच्या विणकामाला बोचरी लागते, जाड बुरणुसासारख्या कामाला मात्र चालते. अनेक भागांत या लोकरीला कातरणीचा खर्च निघेल एवढाही भाव मिळत नाही, त्यामुळे वर्गांना ती स्वस्तात मिळू शकते.

अंबाडी आणि ताग यांचे काम वेगळे. कापलेल्या काड्या दिवसचे दिवस पाण्यात कुजवाव्या लागतात. तेव्हा कुठे वाख सुटतो, आणि त्या पाण्याचा वास शाळेच्या आवारात कोणी सहन करत नाही. घायपाताच्या पानांचा रस अंगाला लागला तर खाज सुटते, म्हणून पाने सोलण्याचे काम लहान मुलांना देऊ नये. पांढऱ्या काथ्यासाठी नारळाची सोडणे खाडीच्या पाण्यात काही महिने ठेवावी लागतात. केळीचा धागा जळगावसारख्या भागात खोडापासून यंत्राने काढतात. या सर्व बाबतीत मुलांच्या हाती येतो तो तयार वाख किंवा सुंभ.

मागाची गोष्टही अशीच आहे. ताणा लावणे हे विणाईतले सर्वांत किचकट आणि सर्वांत जास्त विचाराचे काम. वर्गात ते बहुतेकदा शिक्षक आधीच करून ठेवतो आणि मूल फक्त धोटा फेकते. रवींद्रनाथांचा आक्षेप इथे अगदी लागू पडतो. आराखडा दुसऱ्याचा आणि आवृत्ती मुलाची असेल, तर उरते ती यांत्रिकता. म्हणून अनेक शिक्षक पुठ्ठ्याच्या चौकटीवरचा छोटा माग पसंत करतात. त्याच्यावर कापड तळहाताएवढेच होते, पण ताण्यापासून गाठीपर्यंत सगळे मुलाचे असते.

इथे दोन मते आहेत. शेतापासून वस्त्रापर्यंतची सगळी साखळी मुलाने हाताळावी, असे एक मत. त्यासाठी वर्षभराचा आणि हंगाम सांभाळणारा कार्यक्रम हवा. तयार धाग्यापासून सुरुवात करून रस निर्माण झाल्यावर मागे जावे, असे दुसरे. तयार साहित्याच्या खोक्यांनी दुसऱ्या मताला बळ दिले आहे. पण खोके संपले की मुलाला पुढचा धागा कोठून आणायचा हे ठाऊक नसते, ही त्याची उणी बाजू आहे.

रंगाईबाबत एकमत जास्त आहे. सुती कापडाला हिरड्याचा आणि तुरटीचा हात देऊन मंजिष्ठा किंवा डाळिंबाच्या सालीचा रंग मुलांना करता येतो. हळदीचा पिवळा रंग उन्हात उडतो, आणि तो उडालेला दाखवणे हाही चांगला पाठ होतो. क्रोमियमसारखे विषारी क्षार मात्र, रंग कितीही पक्का येत असला तरी, मुलांच्या वर्गात नकोत. ‘नैसर्गिक’ आणि ‘निरुपद्रवी’ यांत फरक आहे, हे कापसाला लागणाऱ्या कीटकनाशकांकडे पाहिले तरी कळते.

शिकवणार कोण

२०१९-२० च्या हातमाग गणनेनुसार देशात ३५ लाखांहून अधिक हातमाग कामगार आहेत आणि त्यांत सत्तर टक्क्यांहून जास्त स्त्रिया आहेत. शिकवू शकणाऱ्या हातांची उणीव नाही. अडते ते दुसरीकडे. कारागिराकडे शिक्षकाची पदविका नसते, शिक्षकाकडे कारागिराचा हात नसतो. २०२० च्या धोरणाने स्थानिक कारागिरांना ‘कुशल मार्गदर्शक’ म्हणून बोलावण्याची मुभा दिली, पण त्यांच्या मानधनाचा आणि नेमणुकीच्या मुदतीचा प्रश्न राज्यांवर आणि शाळांवर राहिला. १९७९ मध्ये स्थापन झालेले सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र उलट वाटेने जाते आणि शिक्षकांनाच हस्तकला शिकवते.

कारागीर बोलावण्याच्या बाजूने सांगितले जाते की मुलांना खरा वेग, खरी हत्यारे आणि खरी चोखंदळ नजर पाहायला मिळते. विरुद्ध बाजूचा मुद्दा असा की पाच वर्षांत शिकलेले पंधरा मुलांना तासाभरात तोडून-जोडून सांगणे हे वेगळे कौशल्य आहे आणि ते मागावर आपोआप येत नाही. मागावर दिवसाची मजुरी बुडवून येणाऱ्या बाईला शाळेचे मानधन त्याहून कमी मिळत असेल, तर ती फार काळ येणार नाही. शिवाय शाळेनंतरची वेळ हीच तिची घरच्या स्वयंपाकाची वेळ असते. योजना आखताना हा साधा हिशेब बहुतेकदा सुटतो.

परिणामांचा पुरावा

बोटांचे कौशल्य वाढते, हा दावा त्यातल्या त्यात भक्कम आहे. जे काम हात वारंवार करतात, त्यात ते सुधारतात. पण विणकामाने गणित सुधारते, एकाग्रता वाढते किंवा बुद्धी तल्लख होते, अशा विधानांना तेवढा आधार नाही. एका क्षेत्रातले कौशल्य दुसऱ्या क्षेत्रात आपोआप उतरणे दुर्मीळ असते, हा शिक्षणमानसशास्त्रातला जुना निष्कर्ष आहे. नई तालीममध्ये गणित सुतातून येत असे, कारण शिक्षक ते मुद्दाम काढून दाखवत असे. नुसती टकळी फिरवून त्रैराशिक येत नाही.

शाळेनंतरच्या वर्गांना मोजमापाची आणखी एक अडचण आहे : तिथे मुले स्वतःच्या किंवा पालकांच्या निवडीने येतात. ती मुळातच अधिक चिकाटीची किंवा सोयीस्कर घरातली असू शकतात. वर्गात येणारी आणि न येणारी मुले यांची थेट तुलना म्हणून दिशाभूल करते.

गुण द्यावेत का, यावरही मतभेद आहेत. गुणांशिवाय शाळा आणि पालक गांभीर्याने घेत नाहीत, असे काहींचे मत. गुण आले की कार्यानुभवाचे झाले तेच होईल, शेवटच्या आठवड्यात बाजारातून वस्तू आणून जमा केल्या जातील, असे इतरांचे म्हणणे. वहीत कामाची नोंद आणि वर्षअखेर प्रदर्शन हा सर्रास स्वीकारला गेलेला तोडगा आहे. त्यातही प्रदर्शनासाठी शिक्षकाने रात्री बसून मुलांचे विणकाम सरळ करून देण्याचा मोह उरतोच.

मालाचे काय

१९३७ मध्ये शहांनी विचारलेला प्रश्न लहान प्रमाणात अजून शिल्लक आहे. मुलांनी विणलेल्या पिशव्या आणि आसने विकावीत का? विकण्याच्या बाजूचे सांगतात की कोणीतरी पैसे देऊन वस्तू घेते, तेव्हा मुलाला तिची किंमत आणि दोष दोन्ही समजतात, आणि धाग्याचा खर्चही निघतो. विरोधकांना दोन भीती आहेत : शाळेच्या प्रतिष्ठेमुळे मुलांचा माल जवळच्या कारागिराच्या मालाशेजारी स्वस्तात विकला जाणे, आणि मागणी आली की वर्गाचे उत्पादनकेंद्र होणे. काही वर्ग उत्पन्न फक्त साहित्यावर खर्च करण्याचा आणि मुलांना विक्रीतील वाटा रोख न देण्याचा नियम करतात. काही ठिकाणी मूल आपली पहिली वस्तू घरी नेते आणि दुसरीपासून ती वर्गाची होते. यांपैकी कोणती पद्धत मुलाला आणि शेजारच्या कारागिराला दोघांनाही न्याय्य ठरते, याबद्दल एकमत झालेले नाही.